आबांच्या जिभेला पेलतील असे शब्द

अहिरे सरांना कसलंही व्यसन नव्हतं. चहा घेतला तरी अर्धा कप. पण माझ्या दुकानात आले की ते खिशातून सुपारीचं खांड काढायचे, डाव्या गालात धरायचे आणि मी नुकतंच छापून दिलेलं भाषण मोठ्यांदा वाचायला लागायचे. दुकान म्हणजे सुरतच्या लिंबायतमधली दहा बाय आठची खोली. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर रस्त्यावर आलेला ओटा. झेरॉक्सला आलेली माणसं थांबून बघायची. सर थांबायचे नाहीत. एखादा शब्द सुपारीला अडखळला की लाल पेनानं त्याच्याभोवती गोल करायचे आणि म्हणायचे, "वंदना, हा काढ. याच्याऐवजी सोपा टाक."

पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मी विचारलं होतं. ते म्हणाले, "आबांच्या तोंडात चोवीस तास सुपारी असते. मी स्वच्छ तोंडानं वाचून बघितलं तर मला काय कळणार?"

आबा म्हणजे आमच्या भागाचे नगरसेवक. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. आबा घरात अहिराणी बोलायचे, धंद्यात गुजराती, पक्षाच्या बैठकीत हिंदी. मराठी फक्त स्टेजवर. आणि स्टेजवर तर रोज जावं लागायचं, कारण मतदार निम्मे खानदेशातले, लूम आणि कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला आलेले. त्या मराठीसाठी त्यांना सर लागायचे.

सर साक्री तालुक्यातले. वडील मिलमध्ये नोकरी धरून सुरतला आले, आणि मुलगा मराठी शाळेत मास्तर झाला. एकतीस वर्षं एकाच शाळेत. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी शाळा भरायच्या वेळी ते फाटकाशी जाऊन उभे राहायचे, किती पोरं आत गेली ते मोजायचे. पोरं कमी होत होती. आईबापांना आता गुजराती नाहीतर इंग्रजी शाळा हवी होती. ही मराठी शाळा शेजारच्या गुजराती शाळेत विलीन करायची अशी बोलणी दरवर्षी निघायची आणि दरवर्षी आबा ती थांबवायचे, निदान सर तसं मानायचे. भाषणांच्या बदल्यात सरांनी दुसरं काही मागितलं नाही. "शाळा तेवढी राहू द्या आबा," एवढंच.

हे खरं असलं तरी पूर्ण खरं नाही. सरांना आपलं वाक्य माइकमधून ऐकायला आवडायचं. सभेत ते स्टेजच्या मागच्या बाजूला, कनातीला टेकून उभे असायचे आणि आबांच्या बरोबरीनं त्यांचे ओठ हलायचे. टाळी पडली की मान खाली घालून हसायचे. मी एकदा ते बघितलं, आणि बघितलं हे त्यांना कळलं. नंतर दोन दिवस ते दुकानात आले नाहीत.

त्यांची एक वही होती. शाळेची हजेरीवहीच, मागची कोरी पानं वापरलेली. तिच्यात आबांच्या जिभेला न पेलणारे शब्द लिहिलेले. 'कृतकृत्य'. 'प्रीत्यर्थ'. 'निर्विवाद', कारण एकदा 'निर्विवाद नेतृत्व'चं 'निर्विवाह नेतृत्व' झालं होतं, आणि ज्या पाहुण्यांबद्दल ते बोलले ते खरोखरच बिनलग्नाचे होते. 'अभिवादन' या शब्दाखाली लाल पेनाच्या दोन रेघा होत्या. एका जयंतीला आबांनी पुतळ्याला हार घातला आणि महापुरुषांचं हार्दिक अभिनंदन केलं होतं. तेव्हापासून तो शब्द बंद.

वहीच्या शेवटी इतर पुढाऱ्यांच्या चुकाही होत्या, सरांनी स्वतः ऐकलेल्या. एकानं शोकसभेत मृतात्म्याला उदंड आयुष्य चिंतलं होतं. एकानं सार्वजनिक मुतारीच्या उद्घाटनाला ही वास्तू पाहून आपला ऊर भरून आला असं सांगितलं होतं. सर हे वाचून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. पण हसून झालं की ते वही मिटायचे आणि म्हणायचे, "जिभेची चूक मी माफ करतो. जीभ मांसाची असते. पण समोर कोण बसलंय हेच बघितलं नाही म्हणून जी चूक होते ना, ती जिभेची नसते."

ते भाषण कसं लिहायचे हे सांगितलं पाहिजे. आबांचा दम किती, हे त्यांना माहीत होतं. नऊ शब्दांपुढे वाक्य जायचं नाही. जिथे थांबायचं तिथे एक तिरकी रेघ, जिथे श्वास घ्यायचा तिथे दोन, आणि जिथे मान वर करून लोकांकडे बघायचं तिथे छोटा डोळा काढलेला. तो डोळा ते हातानं काढायचे. मी म्हटलं, "सर, कॉम्प्युटरवर टाकते." ते म्हणाले, "नको. हातानं काढलेला दिसला तर आबांना माझी आठवण होते आणि ते वर बघतात."

शाळेत वाचनालय सुरू झालं तेव्हाची गोष्ट. आबा उद्घाटनाला. भाषण तीन पानांचं. पहिल्या पानाच्या शेवटी होतं, 'तुमच्या लेकरांच्या शिक्षणाचा'. पुढचं 'भार मी उचलीन' दुसऱ्या पानावर. दुसऱ्या पानाच्या शेवटी शाळेमागच्या डबक्यातल्या डासांचा विषय, त्याचंही वाक्य तिसऱ्या पानावर गेलेलं. आबांनी सुपारीच्या बोटांनी दोन पानं एकदम उलटली आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "तुमच्या लेकरांच्या शिक्षणाचा समूळ नायनाट केल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही."

लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग हसू आलं. कनातीमागे सर डोळे मिटून उभे होते.

तो व्हिडिओ दोन दिवसांत सुरतभर फिरला. सर घाबरले होते. आबांच्या ऑफिसातून बोलावणं आलं तेव्हा ते मला बरोबर घेऊन गेले, टायपिंगची चूक नव्हती याची साक्ष द्यायला. आबा झोपाळ्यावर बसले होते. मजेत होते.

"सर, काल दिवसभर माझाच व्हिडिओ. कतारगामचे हिरेवाले शेठ फोन करतात. म्हणतात, आबा, मजा आवी गई. एवढं तर मला पाच वर्षांत कोणी ओळखलं नव्हतं."

"माझी चूक झाली आबा. वाक्य पानाच्या शेवटी तोडायला नको होतं."

"चूक कसली? असं एखादं मुद्दाम टाकत जा ना. दर सभेत एक. लोक हसले की लोक आपले होतात."

सर म्हणाले, "मी एकतीस वर्षं चुका दुरुस्त केल्या आबा. लिहायला मला जमायचं नाही."

आबा हसले. त्यांच्याजवळ उभा असलेला त्यांचा पीए भावेशही हसला. भावेश आमच्याच गल्लीतला, धुळ्याकडच्या आईबापांचा, पण तोंडात सगळी गुजराती. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "त्यांना ते खरंच चांगलं वाटलं, वंदना. पोरांच्या शिक्षणाचा नायनाट म्हटलं आणि त्यांना चांगलं वाटलं." त्यानंतर त्यांनी प्रत्येक पान पूर्णविरामावर संपवायला सुरुवात केली, आणि पानं पुठ्ठ्याला चिकटवायला.

पावसाळा सरता सरता कडोदऱ्याकडच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलर फुटला. पाच माणसं गेली. पाचही लिंबायतची. त्यांतला राजू खैरनार सरांचा विद्यार्थी. राजूची आई वेणूबाई आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या, साड्यांना टिक्की, म्हणजे चमकी, लावायचं काम घरी आणून करायच्या. राजूला अक्षर लागत नव्हतं तेव्हा सरांनी त्याला दोन वर्षं घरी बसवून शिकवलं होतं.

शोकसभा ठरली. आबा अध्यक्ष. सर दुपारी दुकानात आले ते भाषण लिहूनच. या वेळी सुपारी काढली नाही. कागदावर मोजक्याच ओळी होत्या. पाच जणांची नावं, त्यांच्या गावांसकट. मग, 'मी तुमच्यासमोर हात जोडतो.' मग, 'मिलच्या मालकाला जे विचारायचं ते मी विचारीन. तुम्हाला विचारायला लावणार नाही.' बस. मी टाइप केलं. सरांनी डोळा काढला नाही. म्हणाले, "आज त्यांना आपोआप दिसतील."

सर गेल्यावर अर्ध्या तासानं भावेश आला.

"वंदनाबेन, सरनं शुं लखलं आहे दाखवा." वाचून त्यानं तोंड वाकडं केलं. "आ मालिकवाली लाइन काढी नाखो. शेठ आपला माणूस आहे. आणि नावं-बावं नको, एखादं चुकलं तर वांधा. आणि हे 'हात जोडतो' एकदम साधं लागे छे. भारी शब्द टाका ना. अभिवादन टाका. 'या कामगारांना मी अभिवादन करतो.'"

"भावेश, तो शब्द आबांना..."

"ओटा तुमचा किती बाहेर आहे, वंदनाबेन?" तो सहज बोलल्यासारखं बोलला. ओट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी नावं काढली. मालकाची ओळ काढली. अभिवादन टाकलं, त्याखाली भावेशनं सांगितलेली आणखी दोन-चार वाक्यं, आणि छापलेला कागद पुठ्ठ्याला लावून तोच घेऊन गेला. सरांना फोन करायला हवा होता. फोन समोरच होता.

सभेला पुढच्या रांगेत पाच खुर्च्यांवर पाच फोटो ठेवले होते, हार घातलेले. त्यांच्यामागे घरची माणसं. आबा कुठल्यातरी लग्नातून आले, कपाळावर टिळा तसाच. माइक हातात घेतला, पुठ्ठा समोर धरला, घसा साफ केला आणि म्हणाले, "या कामगारांचं मी मनापासून अभिनंदन करतो."

मंडपात एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत पुढच्या बाजूला बसलेल्या आबांच्या तीन-चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या हातांना सवय होती. अभिनंदन म्हटलं की वाजवायच्या. दोन-तीन टाळ्या वाजल्यावर त्यांचेही हात थांबले. वेणूबाईंनी मान वर करून आधी आबांकडे बघितलं, मग टाळ्या वाजवणाऱ्यांकडे, मग राजूच्या फोटोकडे. आबांना अजून कळलं नव्हतं. ते पुढचं वाक्य वाचत होते.

मी कनातीकडे बघितलं. सरांचे ओठ हलत नव्हते. त्यांनी पुठ्ठ्यावरचा मजकूर बघितला नव्हता, पण तो आपला नाही हे त्यांना तिथेच कळलं होतं.

या वेळचा व्हिडिओ हसण्यासारखा नव्हता. मिलवर काम बंद झालं, दुसऱ्या पक्षानं आबांच्या ऑफिससमोर पाच दिवे लावले, टीव्हीवाले आले. भावेश आधी माझ्याकडे आला. "टायपिंग मिस्टेक बोली दो." मी म्हटलं, कागदावर अभिवादनच आहे, कोणीही बघेल. खरं तर हा धीर नव्हता. चूक माझी म्हटली तरी भीती, भावेशचं नाव घेतलं तरी भीती. तो सरांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी आबांच्या पेजवर सरांचा व्हिडिओ आला. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. हातात कागद नव्हता. "ते भाषण मी लिहिलं होतं. शब्द माझ्या हातून चुकला. आबांनी माझ्यावर विश्वास ठेवून वाचलं. ज्यांची माणसं गेली त्यांची मी क्षमा मागतो." एवढंच. व्याकरणात एकही चूक नाही. त्याच्याखाली लोकांनी जे लिहिलं ते मी वाचलं आहे. सरांनीही वाचलं असणार.

मूळ फाइल माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती. पहिली आणि बदललेली, दोन्ही. मी ती कोणालाही दाखवली नाही. ओटा अजून तिथेच आहे.

सर त्याच संध्याकाळी वेणूबाईंकडे गेले. मी गल्लीच्या तोंडाशी होते. त्या दारात उभ्या राहिल्या, आत घेतलं नाही. म्हणाल्या, "मास्तर, मना पोऱ्या मरी गया. त्यानं अभिनंदन कसानं?" सर परत फिरले.

त्यानंतर सरांचं नाव बदललं. चौकात रिक्षावाले, पानाच्या गादीवरची पोरं, ज्यांना त्यांनी बाराखडी शिकवली तीसुद्धा, ते दिसले की म्हणायची, "अभिनंदन सर." सर पूर्वी प्रत्येकाला थांबून काय चाललंय विचारायचे. आता ते चालत राहायचे. आबांना मात्र कोणी काही म्हटलं नाही. बिचाऱ्याला मास्तरनं गोत्यात आणलं, असंच लोक म्हणायचे. निवडणूक आली, आणि आबा आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले. मिरवणुकीत आबा स्वतःच ओरडले, "तुमचं सगळ्यांचं अभिनंदन," आणि गुलालात माखलेली माणसं पोट धरून हसली. त्या हसणाऱ्यांत मिलमध्ये काम करणारी माणसं होती. हे मी रागानं लिहीत नाही. खरं तर रागानंच लिहीत आहे.

जूनमध्ये शाळा विलीन झाली. सर सकाळी फाटकाशी गेले तर आत रंगारी शिडीवर चढून जुनं नाव खरवडत होता. सरांनी त्याला विचारलं, "कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "ऑर्डर छे, काका."

दोन दिवसांनी भावेश सरांच्या घरी गेला. दोन्ही शाळांच्या एकत्रीकरणाचा कार्यक्रम होता, त्याचं भाषण हवं होतं. सरांनी त्याला पाणी दिलं आणि जायला सांगितलं. आबा त्या कार्यक्रमात कागदाशिवाय बोलले. विलीनीकरण म्हणजे दोन नद्यांचा संगम आहे, मातृभाषेवर आपलं आईइतकं प्रेम आहे, एकाही मुलाचं नुकसान होणार नाही. दहा मिनिटं बोलले. त्या दिवशी त्यांची एकही चूक झाली नाही.

मी त्या आठवड्यात सरांकडे गेले. सगळं सांगितलं. भावेश, ओटा, फाइल. ते पलंगावर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मला माहीत होतं. तो शब्द मी लिहिलाच नसता. आणि दुकान तुझंच होतं."

"मग तुम्ही कबूल का केलं, सर?"

"आबा म्हणाले, शाळा माझ्याकडे लागली. निदान पाच वर्षं हात लावू देत नाही." मग ते म्हणाले, "त्यांचं वाक्य ऐकताना मी काय करत होतो माहीत आहे? मनात ते दुरुस्त करत होतो. 'माझ्याकडे लागली' असं मराठीत म्हणत नाहीत. बाकी वाक्य ऐकायचं राहिलंच."

मी म्हटलं, फाइल अजून आहे, आता सगळ्यांना दाखवते. ते म्हणाले, "आता कोणाला दाखवतेस? ज्यांना हसायचं होतं ते हसून झाले. ज्यांना रडायचं होतं त्यांनी मला कबूल करताना बघितलं आहे."

त्यांना शेवटचं बघितलं ते राजूच्या वर्षश्राद्धाला. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ते घर बंद करून गावी गेले, आणि हिवाळ्यात तिकडेच वारल्याचं कोणाकडून तरी कळलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी सकाळपासून वेणूबाईंकडे पुऱ्या लाटायला होते. मनाशी ठरवून गेले होते. बायका जरा बाजूला झाल्यावर मी त्यांना सांगितलं की शब्द सरांचा नव्हता, त्यांनी राजूचं नाव आणि गाव लिहिलं होतं, मी ते खोडलं. शाळा वाचेल म्हणून सरांनी चूक अंगावर घेतली.

मला वाटलं होतं त्या माझ्यावर चिडतील. त्या कणीक मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे शाळासाठे मास्तर मना पोऱ्याना मरणवर खोटं बोलना." आणि काही वेळानं, "तुनापेक्षा ते वाईट शे."

मी पुढची पुरी लाटायला घेतली.

जेवणं गल्लीतच मांडवाखाली होती. सर आले, शेवटच्या पंगतीत कडेला बसले. जेवणाआधी कोणीतरी म्हणालं, राजूचे मास्तर आहेत, दोन शब्द बोलू द्या. सर उठायला लागले होते. वेणूबाई वाढता वाढता थांबल्या.

"नको मास्तर," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमना शब्द आते माले नको."

सर खाली बसले. वेणूबाईंनी स्वतः त्यांच्या पानात वाढलं, सगळं, नीट, वरणावर तूप घातलं. सरांनी सगळं खाल्लं. पान टाकलं, हात धुतले, फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मग दाराशी येऊन चपला शोधायला लागले. चपलांचा ढीग पडला होता आणि माणसं त्यांच्या आजूबाजूनं आपापल्या चपला घालून निघत होती. सरांच्या सापडत नव्हत्या. कोणीतरी घालून गेलं होतं. त्यांनी कोणाला विचारलं नाही. ढीग कमी होत होत तीन-चार जोड उरले, ते सगळे बायकांचे.

मी हात पुसून, चपला घालून बाहेर येईपर्यंत ते उन्हातून अनवाणीच गल्लीच्या टोकाला पोचले होते. डांबर तापलं होतं, म्हणून कडेकडेनं, सावली बघत चालले होते. माझ्या पायात चपला होत्या. हाक मारता आली असती.